किल्ली वाडीत, शाळा बंद

सुधागड तालुक्यातल्या एका कातकरवाडीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी. शाळेची किल्ली शेजारच्या घरात असते, ओटीवरच्या वाशाला टांगलेली. गुरुजी खालच्या गावातून मोटरसायकलवर येतात, त्या घरातल्या आजी किल्ली काढून देतात, संध्याकाळी ती पुन्हा वाशाला जाते.

एका जुलैत वहाळाला सलग तीन दिवस पाणी होतं. गुरुजी पलीकडे, पोरं अलीकडे. तिसऱ्या दिवशी आजींनीच कुलूप उघडलं. पोरं आत येऊन बसली. काही जणांनी येता येता रानभाजी खुडून आणली होती. आजींनी ती फरशीवर पसरली आणि एकेक काडी उचलून विचारायला लागल्या, ही कोणची? टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा, फोडशी. कुठली ओढ्याच्या काठाला येते, कुठली कड्याला. शेवळं आता का मिळत नाहीत, आणि मिळतात तेव्हा त्यात काकडं घातली नाहीत तर घसा का खाजतो. दोन तास शाळा भरली.

पाणी ओसरल्यावर वरून निरोप आला की शिक्षक हजर नसताना शाळा उघडायची नाही, काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न वावगा नव्हता. लहान पोरं, जुनं छप्पर, बाहेर पूर. मी त्या वाडीवर पालकसभांसाठी जाते. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा आजींनी मला विचारलं, "किल्ली माज्याकडं, तर मग शाळा कोणाची?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

ठरवतं कोण

आदिवासी शिक्षणाची चर्चा निघाली की आपण शाळा किती, पट किती, गळती किती हे मोजतो. मोजायलाच हवं. पण ठरवतं कोण, हे त्यातला एकही आकडा सांगत नाही. कुठल्या भाषेत शिकवायचं, सुट्ट्या कधी द्यायच्या, शिक्षक म्हणून कोण येणार, पैसा कशावर खर्चायचा, आणि मुळात एखाद्या जागेला 'शाळा' कोणी म्हणायचं, हे सगळं वाडीच्या बाहेर ठरतं. जगभरातल्या आदिवासी समाजांनी गेल्या साठेक वर्षांत जो झगडा केला तो बहुतेक या ठरवण्याच्या हक्कासाठी होता.

आपल्या कोकणातच याची एक फार सुंदर सुरुवात झाली होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघांनी उभं आयुष्य तिथे घातलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच गुरांमागे कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. आज देशभर जो शब्द चालतो तो 'अंगणवाडी' याच कामातून आला. पाड्याच्या अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी.

या दोघींबद्दल मला अपार आदर आहे. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. कुरणात शाळा न्यायची हे ठरवलं ताराबाईंनी आणि अनुताईंनी. उद्या संस्थेत दुसरं कोणी आलं असतं आणि त्यांनी शाळा पुन्हा चार भिंतीत नेली असती, तर पाड्यावरच्या वारल्याला 'नाही' म्हणण्याचा कुठलाही कायदेशीर आधार नव्हता. प्रेमाने दिलेली गोष्ट आणि हक्काने मिळालेली गोष्ट यांत हा फरक असतो, आणि माणसं बदलली की तो कळतो.

दुसरीकडे हे कसं झालं

कॅनडाची गोष्ट आधी सांगते, कारण तिथे जखम सगळ्यात खोल होती. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं कित्येक दशकं घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली. आपली भाषा बोलली तर मार बसे. मुलांमधला 'आदिवासी' पुसून टाकणं हाच त्या शाळांचा उघड हेतू होता. या सगळ्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली.

अल्बर्टा प्रांतातल्या ब्लू क्विल्स नावाच्या अशाच एका शाळेबाबत १९७० मध्ये सरकारने ठरवलं की आता ती बंद करायची. पालक म्हणाले, बंद कशाला, आमच्या हाती द्या. सरकार ऐकेना, तेव्हा ते बायकापोरांसकट शाळेच्या इमारतीत ठाण मांडून बसले. दोन आठवड्यांहून जास्त बसले. शेवटी सरकार नमलं. ज्या इमारतीने आईबापांची भाषा तोडली होती, ती इमारत त्यांच्याच ताब्यात आली. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, तिथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या मुलांच्या शिक्षणावर आपला ताबा हवा असं सांगणारं धोरणपत्र सरकारपुढे ठेवलं.

नुसता ताबा मिळाला की काम होतं असं मात्र नाही. कायद्याचं पाठबळ नसलं तर पुढचा अधिकारी तो काढून घेतो. म्हणून कॅनडाच्याच नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या मिगमॉ या मूळ रहिवाशांनी पुढची पायरी गाठली. १९९७ मध्ये त्यांचा केंद्र आणि प्रांत सरकारांशी करार झाला, १९९८ मध्ये त्याचा कायदा झाला. मूळ रहिवाशांसाठीच्या जुन्या 'इंडियन अ‍ॅक्ट'मधली शिक्षणाची कलमं या करारात सामील झालेल्या गावांना लागू राहिली नाहीत. त्या जागी गावांचे स्वतःचे नियम आले. जुना कायदा देशात इतरत्र उभाच आहे, या गावांपुरता तो बाजूला झाला. हे लक्षात ठेवा, कारण असंच काही करण्याची सोय आपल्या राज्यघटनेतही आहे. तिकडे पुढे येते.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या नवाहो लोकांनी १९६६ मध्ये रफ रॉक इथे शाळा सुरू केली. तिच्या कारभारी मंडळावर सगळे नवाहो होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं. तरी त्यांनी नवाहो भाषा वर्गात आणली. १९७५ च्या कायद्याने तिथे एक महत्त्वाची गोष्ट केली. सरकार जो पैसा आदिवासींच्या शाळेवर खर्च करत होतं तोच पैसा कराराने त्या समाजाच्या हाती द्यायचा आणि शाळा त्यांनी चालवायची. शाळा तुम्ही चालवा पण पैसा तुमचा तुम्ही बघा, असं म्हटलं असतं तर तो हक्क कागदावरच राहिला असता. न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ पासून आपल्या भाषेच्या बालवाड्या काढल्या, मग प्राथमिक शाळा, आणि १९८९ मध्ये त्या शाळांना कायद्यात जागा मिळाली.

संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये आदिवासी समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं १४ वं कलम म्हणतं की या समाजांना आपल्या भाषेत शिक्षण देणाऱ्या आपल्या संस्था उभारण्याचा आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क आहे. भारताने बाजूने मत दिलं. पण जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे. त्याच्या जोरावर सुधागडच्या आजींना कुलूप उघडता येत नाही.

आपल्या घटनेतल्या दोन अनुसूच्या

भारतात आदिवासी भागांसाठी घटनेत दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. सहावी अनुसूची आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम या राज्यांतल्या ठरावीक भागांना लागू आहे. तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदांना प्राथमिक शाळा काढण्याचा, चालवण्याचा आणि राज्यपालांच्या मंजुरीने शिक्षणाची भाषा व पद्धत ठरवण्याचा अधिकार घटनेनेच दिलाय. म्हणजे 'ठरवतं कोण' याचं उत्तर तिथे लिहूनच ठेवलंय.

महाराष्ट्रात लागू आहे पाचवी अनुसूची. तिच्यात शाळेबद्दल असं थेट काही नाही. मात्र १९९६ मध्ये संसदेने या भागांसाठी पंचायतींचा विशेष कायदा केला, ज्याला आपण सगळे 'पेसा' म्हणतो. त्या कायद्यात चौथं कलम आहे, आणि माझ्या मते सगळा जीव त्यात आहे. ते म्हणतं, गाव म्हणजे महसुली नकाशावरचं गाव असं नाही. आपल्या रूढीपरंपरेने कारभार चालवणारा पाडाही गाव असू शकतो. त्या गावाच्या ग्रामसभेला आपली संस्कृती आणि ओळख जपण्याचा अधिकार आहे. आणि सामाजिक क्षेत्रांतल्या संस्था व तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेकडे राहील, हे राज्यांनी बघायचं आहे. शाळा ही सामाजिक क्षेत्रातली संस्थाच आहे. गुरुजी तिथले कर्मचारी.

महाराष्ट्राने पेसाचे नियम केले २०१४ मध्ये. कायद्यानंतर १८ वर्षांनी. या नियमांमुळे पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. त्याशिवाय राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा गावांना थेट मिळतो, त्याला 'अबंध निधी' म्हणतात, आणि शिक्षण हा त्यातला खर्चाचा एक मान्य विषय आहे. पालघर जिल्ह्यातल्या पाड्याने ठरवलं की लग्नात भिंतीवर चौकाचं चित्र काढलं जातं तेव्हा गाणारी धवलेरी महिन्यातून चार दिवस शाळेत यावी आणि तिला त्या पैशातून मानधन द्यावं, तर माझ्या वाचनाप्रमाणे ते बसतं. धवलेरीचं नाव इथे मुद्दाम घेतलं. वारल्यांच्या लग्नात ती गाते त्या गाण्यांत देवांची उत्पत्ती आहे, धान्याची देवी कणसरी आहे. बहुतेक सगळं तोंडपाठ. तिच्याकडे डी.एड. नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या भाषेत ती शिक्षक ठरत नाही. पाहुणी म्हणून येऊ शकते, एवढंच. (खाली सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर आदिवासींकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत. त्यांचाही प्रश्न हाच.)

नकाशावरची रेघ

आता कोकणातली खरी अडचण.

पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. महाराष्ट्राचा सध्याचा आदेश १९८५ चा आहे. त्यात कोकण किनाऱ्याचा उत्तर भाग आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, शहापूर हे तालुके, आणि पालघर, वसई, भिवंडी, मुरबाडमधली काही गावं. रायगड जिल्हा त्यात नाही. एकही गाव नाही.

आणि कातकरी मोठ्या संख्येने राहतात ते रायगडात. केंद्र सरकार ज्यांना 'विशेष दुर्बल आदिवासी गट' म्हणतं असे महाराष्ट्रात तीन समाज आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. सर्वात दुबळे म्हणून ज्यांची सरकारदरबारी वेगळी नोंद आहे, त्यांच्यातल्या मोठ्या भागाला पेसा लागू नाही.

असं का झालं? क्षेत्र ठरवताना तिथे आदिवासींची संख्या भरपूर आहे का, वस्ती सलग आहे का, तालुका किंवा जिल्हा असा कारभाराचा एक घटक होतो का, हे पाहिलं जातं. कातकरी तसे राहतच नाहीत. आगऱ्यांच्या, कुणब्यांच्या गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला, पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत वीस-तीस घरांची वाडी. जमीन नाही, म्हणून जिथे काम तिथे वस्ती. २०११ च्या जनगणनेत रायगडात आदिवासींचं प्रमाण साधारण साडेअकरा टक्के होतं. जिल्हाभर विखुरलेले साडेअकरा टक्के कुठल्याच तालुक्याला अनुसूचित करायला पुरले नाहीत. ज्या विखुरलेपणामुळे हा समाज दुबळा राहिला, त्याच विखुरलेपणामुळे तो कायद्याच्या छत्राबाहेर राहिला. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

याचा रोजचा परिणाम असा. डहाणूतल्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. सुधागडची वाडी मात्र मोठ्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत बसते, जिथे तिची मतं मूठभर. शाळेचा विषय काढला तर आधी गावातल्या शाळेचं कुंपण येतं, मग देवळाकडचा रस्ता, आणि वाडीचा विषय 'पुढच्या सभेत'.

रायगडातही लागू असलेला एक कायदा मात्र आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. त्याच्या तिसऱ्या कलमात अशी सोय आहे की ग्रामसभेने शिफारस केली तर शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. 'जागा फॉरेस्टची आहे, शाळा बांधता येत नाही' हे वाक्य आम्ही कितीदा तरी ऐकलंय. ते वाक्य अर्धवट आहे.

मोहगावची शाळा

पेसा असला म्हणजे सगळं सुटलं, असंही समजू नका. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव केला आणि गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पेसा लागू, पाचवी अनुसूची लागू, ठराव रीतसर. तरी शिक्षण खात्याची नोटीस आली की शाळेला मान्यता नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं.

इथे दोन कायदे समोरासमोर आले. एक म्हणतो ग्रामसभा ठरवेल. दुसरा म्हणतो मान्यता सरकार देईल. १८ वं कलम कशासाठी आहे हे मला समजतं. गल्लीबोळात दुकानं थाटून पालकांना लुटणाऱ्यांना आळा घालायचा तर असं कलम हवंच. पण जंगलातल्या एका गावाने आपल्या भाषेत आपली पोरं शिकवायला काढलेली शाळा त्याच मापाने मोजली की माप चुकतं.

मिगमॉ लोकांची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते इथे. पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदात राज्यपालांना अधिकार आहे की संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा अमुक बदलासह लागू होईल, असं त्यांनी अधिसूचनेने सांगावं. म्हणजे ग्रामसभेने ठरावाने काढलेल्या शाळांसाठी १८ वं कलम वेगळ्या अटींनी लागू करणं घटनेच्या चौकटीत बसतं. त्यासाठी नवा कायदाही नको. इच्छा हवी.

या अधिकारालाही सीमा आहेत. आंध्र प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांवर शंभर टक्के शिक्षक स्थानिक अनुसूचित जमातीचेच असतील, असा आदेश २००० मध्ये निघाला होता. शहरातून नेमलेले शिक्षक डोंगरावर येतच नाहीत हे त्यामागचं दुखणं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने एप्रिल २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. शंभर टक्के आरक्षण समानतेच्या हक्काला धरून नाही, असं न्यायालय म्हणालं, आणि आदिवासींना आदिवासींनीच शिकवावं ही कल्पनाही न्यायालयाने नाकारली. निकाल मान्यच आहे. पण वर्गात बसून पाहिलेली बाई म्हणून मला वाटतं की पोराला गुरुजींच्या दाखल्याशी घेणंदेणं नसतं. त्याला गुरुजींचं बोलणं कळायला हवं. आग्रह धरायचा तर बोली येण्याचा धरावा. कातकरी पोरांची बोली समजणारे कुणबी गुरुजी मी पाहिलेत आणि पहिलीचा वर्ग त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतो.

भाषेच्या मुद्द्यावर कायदा कुठे निसटतो, तेही बघा. घटनेचं ३५० क कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणतं. शिक्षण हक्क कायदा म्हणतो 'शक्य असेल तिथवर' मातृभाषेतून. गोंडी मराठीहून सरळ वेगळी, द्राविडी कुळातली, त्यामुळे तिचा दावा स्पष्ट उभा राहतो. कातकरी आणि वारली यांना मात्र 'मराठीच्या बोली' म्हणून मोकळं होता येतं. मग हिशेब सोपा होतो, शाळा मराठी, पोरं मराठी, मातृभाषेचं शिक्षण मिळालंच! आणि पहिलीतलं पोर वर्ष वर्ष तोंड उघडत नाही, त्याला 'मंद' म्हटलं जातं.

दोनशे दिवस आणि चिंचोके

मग रायगडातल्या वाडीच्या हाती काय आहे? आहे, आणि मी त्याच कामासाठी जाते.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्याचं २१ वं कलम शाळा व्यवस्थापन समितीचं. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि २२ वं कलम म्हणतं की सरकारी अनुदान त्या आराखड्याच्या आधारावर द्यायचं. हे कलम डहाणूत आहे तसंच सुधागडात आहे, रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच.

प्रत्यक्षात होतं काय? समितीचे सदस्य सचिव असतात मुख्याध्यापक, ठरावाचं पुस्तक त्यांच्याकडे. ठराव आधीच लिहिलेला येतो. मी एका सभेत बसले होते तेव्हा सात ठराव वाचून दाखवायला चार मिनिटं लागली, मग पुस्तक हातोहात फिरलं, अंगठे उठले. अध्यक्षबाईंनी अंगठ्याची शाई केसांना पुसली आणि मला विचारलं, काय लिवलंय? गुरुजी वाईट नव्हते. त्यांना महिनाअखेर इतिवृत्त वर पाठवायचं होतं. आश्रमशाळांत तर याहून अवघड, तिथे पालक तीस-चाळीस किलोमीटरवर असतात, आणि सभेला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून आम्ही एकच गोष्ट धरली. ठराव आधी बोलायचा, मग लिहायचा, आणि बोलणारीच्या शब्दांत लिहायचा. गुरुजींनी साथ दिली, हे मुद्दाम सांगते.

पहिला विषय बायकांनीच काढला. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते. उचल पावसाळ्यात घेतलेली असते, ती फेडायची असते. होळीला दोन दिवस येतात, पुन्हा जातात, आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागण्याच्या, आधी परततात. पोरं बरोबर जातात, कारण मागे ठेवायची कोणाजवळ? शाळेत त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत जाते. १९९० च्या दशकात वसई-भिवंडीकडे 'विधायक संसद' या संस्थेने भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. तो अनुभव आपल्याच किनाऱ्यावरचा आहे.

कायदा काय म्हणतो? पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस शाळा भरली पाहिजे. ते २०० दिवस कोणते, हे कायद्याने ठरवलेलं नाही. नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेची, कामं दिलीत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे एक, आणि शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवणं हे दुसरं. म्हणजे वेळापत्रक मुंबईहून छापून येणारी अटळ गोष्ट नाही, ते जिल्ह्यात बदलू शकतं.

हे सांगितल्यावर एकीने पदरातून चिंचोके काढले. आठवड्याला एक. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत अठरा चिंचोके मांडले. सहा दिवसांनी गुणले तर १०८, सणवार वजा जाता शंभराच्या घरात. मग मे महिन्याची जागा आली. मेमध्ये काही घरं परतलेली असतात आणि तेव्हाच शाळेला सुट्टी असते. तिथे चार चिंचोके वाढले. दिवाळीची सुट्टी कमी केली तर आणखी एक-दोन. तरी सत्तरेक दिवस उरले. अध्यक्षबाई बराच वेळ त्या रांगेकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, उरलेले दिवस भट्टीवर भरवा, हजेरी हितल्याच पुस्तकात लावा.

गुरुजींनी ते असंच लिहिलं. त्याखाली दुसरा ठराव लिहिला की आठवड्यातून एक तास आजी रानातल्या झाडपाल्याचं शिकवतील, गुरुजी हजर असताना, आणि हा तास शाळेच्या विकास आराखड्यात धरावा. आजींनी तो दोनदा वाचून घेतला. 'गुरुजी हजर असताना' हे शब्द त्यांना आवडले नाहीत, पण पुरामधल्या त्या निरोपानंतर ते घालावेच लागले.

दोन्ही ठरावांच्या नकला आम्ही तालुक्याला नेऊन दिल्या. गोल शिक्का मारलेली पोच मिळाली. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजींनी ओटीवरच्या त्याच वाशाला टांगली आहे, किल्लीच्या शेजारी. उत्तर अजून आलेलं नाही. दिवाळीला सात आठवडे आहेत.